सीमेवरचं गाव, घरातली भाषा: युक्रेनी-रोमानियन खेड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2022 च्या फेब्रुवारीअखेर, रशियानं हल्ला केल्यावर, युक्रेनच्या चेर्निव्त्सी शहरात मेडिकलला असलेली आपली मुलं बसनं आणि पायी सिरेतच्या नाक्यावरून रोमानियात उतरली. 26 फेब्रुवारीला बुखारेस्टहून 219 जणांचं पहिलं विमान मुंबईत आलं. त्या धावपळीतही काही मुलांच्या कानांनी एक गोष्ट टिपली होती: युक्रेन संपायच्या आधीच लोक रोमानियन बोलत होते आणि रोमानिया सुरू झाल्यावरही आसपास युक्रेनी ऐकू येत होतं. प्रश्नांची सुरुवात तिथून झाली. मग भाषाशास्त्राचे विद्यार्थी, सीमाभागातले वाचक, पर्यटक यांचीही भर पडली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

1. हा भाग नेमका कुठे येतो?

दोन पट्टे ध्यानात ठेवले की पुरे. पहिला बुकोविना. याचा उत्तर भाग आज युक्रेनच्या चेर्निव्त्सी प्रांतात आहे, दक्षिण भाग रोमानियाच्या सुचाव्हा जिल्ह्यात. दुसरा मारामुरेश, कार्पेथियन डोंगरांतला. इथे तिसा नदी हीच सीमा. उत्तर तीरावर युक्रेनचा झाकारपात्या प्रांत, दक्षिण तीरावर रोमानियातलं सिगेत शहर. ओदेसाच्या बाजूला, डॅन्यूबच्या मुखाशीही अशी मिश्र गावं आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी; ती इथे घेतलेली नाही.

2. रोमानियन बोलणारी गावं युक्रेनमध्ये आणि युक्रेनी बोलणारी रोमानियात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि आरशात बघावं इतकं नेमकं. सिरेतच्या नाक्याकडे जाताना युक्रेनच्या बाजूला तेरेब्लेचे लागतं, ते रोमानियनभाषक. नाका ओलांडून रोमानियात शिरलात की नेगोस्तिना आणि बाल्काउत्स ही युक्रेनीभाषक गावं. तिसाकाठीही तेच. उत्तरेला युक्रेनमधलं सोलोत्विनो (रोमानियन लोकांचं स्लातिना) आणि खालचं आप्शा, दोन्ही रोमानियनबहुल. सोलोत्विनोत हंगेरियनही बरेच. दक्षिणेला रोमानियातली रुस्कोवा, बिस्त्रा, पोयेनिले दे सुब मुंते ही युक्रेनीबहुल गावं. त्यातलं पोयेनिले सुमारे 10 हजार वस्तीचं आहे. आपल्याकडे त्याला खेडं म्हणताना जीभ अडखळेल.

माझी आवडती जोडी मात्र रोनाची. रोना दे सुस म्हणजे वरचं रोना, तिथे युक्रेनी. रोना दे जोस म्हणजे खालचं रोना, तिथे रोमानियन. बुद्रुक-खुर्दसारखी जोडगावं, एकाच देशात, एकाच रस्त्यावर, आणि घरातल्या भाषा निरनिराळ्या.

3. या दोन भाषा बहिणी-बहिणी आहेत का? एक येत असेल तर दुसरी कळते का?

कळत नाही. युक्रेनी स्लाव्ह कुळातली, रोमानियन लॅटिनपासून आलेली, इटालियनच्या नात्यातली. पाण्याला युक्रेनीत 'वोदा', रोमानियनमध्ये 'आपा'. मराठी आणि कन्नडइतकं अंतर धरायला हरकत नाही: कुळं निराळी, अंगण एकच.

अंगण एक असल्यामुळे देवघेव मात्र प्रचंड. 'प्रियेतेन' (मित्र), 'नेवास्ता' (बायको), 'रझ्बोय' (युद्ध), इतकंच काय 'युबी' (प्रेम करणे) हे रोमानियन शब्द स्लाव्ह मुळाचे. 1860 च्या आसपासपर्यंत रोमानियन लिहिलीही जायची सिरिलिक लिपीत. उलट दिशेनं युक्रेनीत 'ब्रिन्झा' (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि 'मामालिगा' (मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा) आले. नात्यांच्या शब्दांबद्दल प्रश्न 14 पाहा. तिथे ही देवघेव सगळ्यात गोड आहे.

4. मग गावातला माणूस दिवसभरात बोलतो तरी काय?

समोर कोण आहे, त्यावर. उत्तर बुकोविनातल्या रोमानियन गावात घरात, शेतात, देवळात रोमानियन. तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात, चेर्निव्त्सीच्या बाजारात युक्रेनी. साठीपुढच्या पुरुषांना सोव्हिएत सैन्यातली नोकरी झाल्यामुळे रशियनही येते, आणि कधी कधी ती युक्रेनीपेक्षा सफाईदार असते. रोमानियातल्या युक्रेनी गावात याच्या उलट चित्र: घरी युक्रेनी बोली, बाहेरचं सगळं रोमानियनमध्ये.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. दोन्हीकडे दुभाषिक असतो तो अल्पसंख्य. बहुसंख्य शेजाऱ्याला दुसरी भाषा आलीच पाहिजे असं नसतं. म्हणजे 'गाव दुभाषिक आहे' हे वाक्य बहुतेक वेळा अर्ध्या गावापुरतंच खरं असतं.

शिवाय घरची रोमानियन पुस्तकी नसते. प्रमाण भाषेतलं 'बिने' (छान, बरं) इथे 'घिनि' होतं. शाळेत किंवा बुखारेस्टमध्ये ते ऐकून कुणी हसलं की माणूस आपली भाषा 'मोडकी' आहे असं स्वतःच सांगू लागतो. मालवणी किंवा अहिराणी घरातल्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको.

5. मारामुरेशमधल्या एका आजीबाईंनी 'आम्ही रुस्की बोलतो' असं सांगितलं. म्हणजे त्या रशियन का?

नाही. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की त्याला स्वतंत्र प्रश्न दिला. इथली जुनी माणसं स्वतःच्या बोलीला 'रुस्की' किंवा तत्सम काही म्हणतात. हा 'रुस' मॉस्कोचा नव्हे, मध्ययुगीन कीव्हच्या 'रुस' राज्याचा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कागदांत याच लोकांना 'रुथेनियन' म्हटलं जायचं. 'युक्रेनी' हा शब्द या डोंगरांत पुस्तकांतून, शाळेतून, पुढाऱ्यांकडून आला आणि 20 व्या शतकातच नीट रुजला.

पेच इथे संपत नाही. काही जण म्हणतात की आम्ही युक्रेनीही नाही, आम्ही 'रुसिन' ही स्वतंत्र जमात. रोमानियात युक्रेनी अल्पसंख्याकांना संसदेत राखीव जागा आहे आणि रुथेनियनांना वेगळी. सीमेपलीकडे युक्रेनमध्ये मात्र रुसिन ही युक्रेनींचीच शाखा मानली जाते. सख्खी चुलत भावंडं नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळ्या खात्यांत मोडू शकतात.

6. घरात रोमानियन बोलतो तो रोमानियन आणि युक्रेनी बोलतो तो युक्रेनी, इतकं सोपं नाही का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

कोण कोणत्या वंशाचा, हे गावकऱ्याला रोज ठरवावं लागत नाही. ठरवावं लागतं ते कुणी वही घेऊन दारात उभं राहिल्यावर. आणि वहीतला प्रश्न दर राजवटीत बदलत गेला.

ऑस्ट्रियाच्या अमलात 1880 पासूनच्या जनगणनांत वंश विचारलाच नव्हता. विचारलं होतं: रोजच्या व्यवहाराची भाषा कोणती? एकच सांगायची. 1910 मध्ये बुकोविनात रुथेनियन 38.4 टक्के, रोमानियन 34.4 टक्के, जर्मन 21.2 टक्के भरले. जर्मन एवढे कुठून आले? त्यांत ज्यूही होते. त्यांची यिडिश ही भाषा म्हणून मान्य नसल्यानं त्यांना बहुतेक जर्मनच्या रकान्यात टाकलं गेलं.

1918 मध्ये बुकोविना रोमानियाकडे गेलं. 1930 च्या रोमानियन जनगणनेनं वंश आणि मातृभाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारले. त्यात बुकोविनातले रोमानियन 44.5 टक्के झाले आणि रुथेनियन-युक्रेनी 27.7 टक्के, हुत्सुल वेगळे मोजले (प्रश्न 8). वीस वर्षांत अधिकारी आले, माणसं गेली, हे खरंच. पण घरात युक्रेनी बोलूनही स्वतःला रोमानियन म्हणवायची सोय आता त्या दोन रकान्यांनी करून दिली होती, आणि सरकारचा कल कुठे आहे हे लोकांना कळत होतं.

सोव्हिएत काळात वंश थेट ओळखपत्रात आला. 'पाचवा रकाना' हा तिकडे वाक्प्रचारच आहे. आईवडील दोन वंशांचे असतील तर सोळाव्या वर्षी पोरानं एक निवडायचा. स्वतंत्र युक्रेननं तो रकाना काढून टाकला.

तेव्हा घरची भाषा, शाळेची भाषा, कागदावरचा वंश आणि देवळातलं कॅलेंडर (प्रश्न 13) हे चार धागे आहेत. पुष्कळ घरांत ते एकाच दिशेला जातात. उरलेल्या घरांत जात नाहीत, आणि त्या घरांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

7. 'मोल्दोवन' हे रोमानियनच ना? मग वेगळे का मोजतात?

2001 च्या युक्रेनच्या जनगणनेत देशभरात सुमारे 2 लाख 58 हजार मोल्दोवन आणि 1 लाख 51 हजार रोमानियन नोंदले गेले. एकट्या चेर्निव्त्सी प्रांतात 12.5 टक्के रोमानियन आणि 7.3 टक्के मोल्दोवन. भाषा तीच. फरक जुन्या सरहद्दीचा. गाव पूर्वी ऑस्ट्रियाच्या बुकोविनात असेल तर रोमानियन. झारच्या बेसाराबियात (आजच्या मोल्दोवा देशाच्या बाजूचा प्रदेश) असेल तर बहुतेक मोल्दोवन. सोव्हिएत सरकारनं ही वाटणी पक्की केली आणि मोल्दोवनला सिरिलिक लिपीत ठेवून ती स्वतंत्र भाषा असल्याचं शिकवलं.

2023 मध्ये मोल्दोवाच्या संसदेनं कायद्यांतून 'मोल्दोवन भाषा' काढून 'रोमानियन' लिहिलं. त्याच वर्षी युक्रेननंही सरकारी व्यवहारात तसंच करायचं ठरवलं. म्हणजे भाषेच्या नावाचा वाद कागदावर तरी मिटला. वंशाच्या नावाचा नाही: 'मी रोमानियन बोलतो आणि मी मोल्दोवन आहे' असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायचा अधिकार कुणाला आहे, मला माहीत नाही.

8. हुत्सुल कोण? ते युक्रेनी की रोमानियन?

कार्पेथियनच्या उंच उतारांवरचे मेंढपाळ आणि लाकूडतोडे. बोली युक्रेनीची, पण मेंढपाळीच्या शब्दांत रोमानियनची भरपूर सरमिसळ. युक्रेनमध्ये ते युक्रेनींचाच एक गट मानले जातात. रोमानियात 1930 मध्ये बुकोविनात सुमारे 12 हजार जण 'हुत्सुल' म्हणून वेगळे नोंदले गेले. ते भाषा विसरलेले रोमानियन असा दावा तिकडचे काही लेखक करत आले आहेत. सुचाव्हा जिल्ह्यातल्या उल्मा, ब्रोदिना, इझ्वोआरेले सुचेवेइ या गावांकडे आजही हुत्सुल आहेत. घोड्यांच्या एका काटक डोंगरी जातीलाही हुत्सुलच म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधलंत तर आधी घोडे दिसतील.

9. आडनावावरून ओळखता येतं का?

येत नाही, पण प्रयत्न सगळेच करतात. '-युक', '-चुक' हे शेवट युक्रेनी, '-एस्कू', '-आनू' हे रोमानियन, असा ढोबळ नियम आहे. तो गावात शिरताच कोलमडतो. 'रुसू' हे रोमानियातलं अगदी सर्वसाधारण आडनाव, आणि त्याचा अर्थ 'रुस'चा माणूस. उलट 'वोलोशिन' या युक्रेनी आडनावाचा अर्थ व्लाख, म्हणजे रोमानियन. 1939 च्या मार्चमध्ये कार्पेथियन युक्रेन या अल्पजीवी राज्याचे अध्यक्ष झाले ते आव्हगुस्तिन वोलोशिन. युक्रेनी राष्ट्रवादाचा हा मोठा पुढारी, आणि आडनाव शेजाऱ्याचं.

वर कारकुनांची कृपा. सोव्हिएत कागदांवर योनचा इव्हान झाला आणि मधे वडिलांचं नाव आलं. आपल्याला मधलं नाव सवयीचं. रोमानियन रीतीत ते नसतं. एकाच कबरस्तानात आजोबा, मुलगा आणि नातू यांची नावं तीन तऱ्हांनी कोरलेली आढळू शकतात.

10. मुळात आधी कोण आलं?

हा प्रश्न आला की मी चहा ठेवतो. दोन्ही बाजूंकडे तयार उत्तर असतं. रोमानियन बाजूचं: बुकोविना मोल्दाव्हिया या जुन्या रोमानियन राज्याचा गाभा, पुटना-व्होरोनेत्सचे मठ त्याचीच साक्ष, आणि रुथेनियन म्हणजे नंतर उत्तरेच्या गॅलिशिया प्रदेशातून आलेले किंवा भाषा बदललेले रोमानियन. युक्रेनी बाजूचं: त्याआधीही इथे स्लाव्ह होते, गावांची आणि नद्यांची नावं बघा. 1775 मध्ये ऑस्ट्रियानं हा भाग घेतल्यावर दोन्हीकडून वस्ती आली, तेव्हा दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

'भाषा विसरलेले आपलेच लोक' ही कल्पना निरुपद्रवी वाटते. पण 1924 च्या रोमानियन शिक्षण कायद्यात तीच होती: जे मूळचे रोमानियन असून मातृभाषा विसरले, त्यांनी मुलांना रोमानियन शाळेतच घालायचं. 'मूळचे' कोण, हे अर्थातच सरकार ठरवणार.

11. 1940 मध्ये काय झालं? जुनी माणसं तो विषय का टाळतात?

1940 च्या जूनअखेर सोव्हिएत संघानं निर्वाणीचा खलिता धाडून बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना घेतलं. खलित्यात नसलेला हेर्त्साचा भागही सोबत गेला. तिथे आजही 90 टक्क्यांहून जास्त लोक रोमानियन आहेत. शेतं इकडे, भावकी तिकडे अशी घरं तुटली. 1 एप्रिल 1941 ला फांताना आल्बा (युक्रेनीत बिला क्रिनित्स्या) गावाजवळ सीमा ओलांडून रोमानियात जाऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या जमावावर सोव्हिएत सीमारक्षकांनी गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हजारो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं. मग 1941 ते 1944 रोमानियन सत्ता परतली. त्या काळात इथल्या ज्यूंची नीस्तर नदीपलीकडे ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपारी आणि कत्तल झाली. पुन्हा 1944 पासून सोव्हिएत.

तिसाच्या उत्तर तीराची यादी निराळी: ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, 1939 पासून हंगेरी, 1945 पासून सोव्हिएत संघ, 1991 पासून युक्रेन. 'पाच देशांत राहिलो, गाव कधी सोडलं नाही' असा तिथला विनोद आहे, आणि त्यात अतिशयोक्ती अजिबात नाही. बोलणं टाळण्याचं कारण यातच आलं. दर राजवटीत आधीच्या राजवटीची भाषा अंगलट येऊ शकत होती.

12. मुलांची शाळा कोणत्या भाषेत असते?

युक्रेनमध्ये रोमानियन माध्यमाच्या शाळा सोव्हिएत काळापासून आहेत. 2017 च्या शिक्षण कायद्यानं पाचवीपासून युक्रेनीचं प्रमाण वाढवायचं ठरलं, आणि बुखारेस्ट व बुडापेस्ट दोन्ही रागावले. 2020 मध्ये टक्के ठरले: युरोपीय संघाच्या भाषांसाठी (रोमानियन त्यांतलीच) पाचवीत किमान 20 टक्के तास युक्रेनीत, नववीपर्यंत 40, पुढे 60. युरोपीय संघाच्या प्रवेशाची बोलणी जवळ आल्यावर, डिसेंबर 2023 मध्ये, पुन्हा दुरुस्ती झाली. आता अशा शाळांत युक्रेनी भाषा, साहित्य, इतिहास आणि संरक्षण हे विषय सोडून बाकीचं आपल्या भाषेत शिकवता येतं.

रोमानियात युक्रेनी गावांतल्या बहुतेक शाळा रोमानियन माध्यमाच्या, आणि युक्रेनी हा आठवड्यात काही तासांचा मातृभाषेचा विषय. पूर्ण युक्रेनी शिक्षणासाठी सिगेतमधलं तारास शेव्हचेन्को विद्यालय आहे.

कायद्यावर भांडणं चालतात, पण पालकांचा हिशोब साधा असतो: पोरगं पुढे कुठे शिकणार, कुठे कमावणार? आपल्याकडची इंग्रजी शाळेची चर्चा आठवा.

13. देव एकच, मग ख्रिसमस दोन का?

दोघंही बहुतेक ऑर्थोडॉक्स, पण कॅलेंडरं वेगळी. रोमानियन चर्चनं 1924 मध्ये नवं कॅलेंडर घेतलं आणि ख्रिसमस 25 डिसेंबरला आला. युक्रेनमध्ये जुनंच राहिलं, म्हणजे 7 जानेवारी. आता गंमत बघा: युक्रेनमधली रोमानियन गावं त्यामुळे जुन्या कॅलेंडरावर राहिली, आणि रोमानियातल्या युक्रेनींच्या देवळांनीही जुनंच धरून ठेवलं. 2023 मध्ये मॉस्कोपासून स्वतंत्र असलेल्या युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं नवं कॅलेंडर घेतलं, पण सगळ्या देवळांनी नाही. त्यामुळे सध्या तारखेवरून वंश ओळखायला जाल तर फसाल.

14. घरात नवरा एका भाषेचा आणि बायको दुसऱ्या भाषेची असेल तर मुलं काय होतात?

ठरलेलं काही नाही. गाव ज्या भाषेचं, तिकडे मुलं झुकतात. ज्या आजीजवळ वाढतात, तिची भाषा जिभेवर बसते. सून दुसऱ्या भाषेची असेल तर वर्ष-दोन वर्षांत सासरची भाषा बोलू लागते आणि मुलांना रागवते मात्र माहेरच्या भाषेत.

शब्दांनी तर कधीच लग्न लावलं आहे. बुकोविनातले युक्रेनी धर्मपित्याला 'नानाश्को' म्हणतात, तो रोमानियन 'नानाश'. हुत्सुल लोक वडीलधाऱ्या पुरुषाला 'बादिका' म्हणून हाक मारतात, तोही रोमानियनच. मराठी घरात 'अक्का' आणि 'अण्णा' हे द्राविडी शब्द ज्या सहजतेनं नांदतात, तसंच हे.

15. पोरोश्कोवोच्या 'वोलोख' लोकांबद्दल ऐकलं. हे कोणत्या रकान्यात?

झाकारपात्यात 'वोलोख' म्हणजे एरवी रोमानियन. पण पोरोश्कोवो गावातले वोलोख तिसाकाठापासून दूर राहतात, जुनी रोमानियन बोली बोलतात, त्यांचे पूर्वज लाकडाच्या वस्तू करून विकत. शेजारी त्यांना 'गोरे जिप्सी' म्हणतात. त्यांना ते मान्य नाही. भाषेनं रोमानियन, शेजाऱ्यांच्या लेखी जिप्सी, कागदावर कधी हे, कधी ते. प्रश्न 6 मध्ये चार धागे सांगितले. इथे पाचवा लागतो: शेजारी तुम्हाला काय म्हणतो.

16. रोमानियाचा पासपोर्ट घेतला म्हणजे माणूस रोमानियन झाला का?

1940 आधीच्या रोमानियन नागरिकांच्या वंशजांना, तिसऱ्या पिढीपर्यंत, रोमानिया नागरिकत्व परत देतो. यात वंशाची अट नाही. आजोबा नागरिक होते एवढं 2025 पर्यंत पुरायचं, त्यामुळे चेर्निव्त्सीतल्या युक्रेनींनीही ते घेतलं. युरोपात कामाला जाण्यासाठी हा कागद सोन्यासारखा. तिसाचा उत्तर तीर त्या काळात रोमानियात नव्हता, म्हणून आप्शाच्या अस्सल रोमानियनभाषकाला हा रस्ता तितका सरळ नाही.

17. हे आपल्या बेळगाव-निपाणीसारखंच नाही का?

थोडं आहे. राज्यकर्त्यांनी ओढलेली रेघ, दोन्हीकडे उरलेली गावं, शाळेच्या माध्यमावरून तंटा, पाट्यांवरच्या लिप्या: हे ओळखीचं वाटेल. रोमानियात गावात 20 टक्के अल्पसंख्य असतील तर त्यांची भाषा पाटीवर आणि कचेरीत यावी असा नियम 2001 च्या कायद्यानं आणला, हेही वाचून ठेवा. पण आपली रेघ एका देशातल्या दोन राज्यांमधली; अथणीहून जतला जायला व्हिसा लागत नाही. तुलना तिथेच थांबवावी.

18. आम्ही त्या बाजूला जाणार आहोत. कुणाला 'तुम्ही युक्रेनी की रोमानियन?' असं विचारलं तर चालेल का?

पहिल्या भेटीत नको, विशेषतः 2022 नंतर. युक्रेनमधल्या गावात हा प्रश्न निष्ठेचा वाटू शकतो, आणि तिथल्या प्रत्येक गावातली मुलं, मग घरची भाषा कोणतीही असो, आघाडीवर गेलेली आहेत. 'घरी काय बोलता?' हे विचारा. बहुतेक जण खुलून सांगतात, वर मामालिगाही वाढतात.

जमलं तर 13-14 जानेवारीला, जुन्या कॅलेंडराच्या नववर्षाला, चेर्निव्त्सी प्रांतातल्या क्रास्नोइल्स्कला जा. गाव रोमानियनबहुल, आणि तिथली 'मालान्का'ची सोंगं सगळ्या युक्रेनमध्ये नावाजलेली. गवताच्या पेंढ्यांचे अजस्र पोशाख चढवून तरुण अस्वलं होतात आणि रात्रभर दारोदार फिरतात. पलीकडे सुचाव्हाकडेही मालान्का असते. सण मूळचा कुणाचा, हे मात्र गर्दीत विचारू नका. विचारलंच तर प्रश्न 10 मधली दोन्ही उत्तरं अस्वलाच्या तोंडून ऐकावी लागतील.